आधी माऊस काढा

न पाहता संगणक कसा चालवायचा, हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ पाहायला नजर फार तेज लागते. सुरुवातीला मिनिटभर नुसतं संगीत वाजतं. मग पडद्यावर एक बाण नाचायला लागतो, बाणाभोवती लाल वर्तुळ उमटतं, बारीक अक्षरांत सूचना येतात नि जातात, आणि शेवटी 'आवडलं असेल तर लाइक करा' अशी पाटी झळकते. या सगळ्यात तोंड उघडून कोणी एक शब्द बोललेलं नसतं. ज्या व्हिडिओत बोलणारे गुरुजी असतात ते म्हणतात, "इथे क्लिक केलं की असं येतं. मग इकडे जायचं. हे आलं की झालं." 'असं' म्हणजे कसं आणि 'इकडे' म्हणजे कुठे, ते ऐकणाऱ्याने आपापल्या पूर्वपुण्याईवर ओळखून घ्यायचं.

हे ज्ञान आम्हाला झालं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे चुलते. मावळातल्या सुदुंबऱ्याला राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना काचबिंदू आहे. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एवढंच विचारलं, "मग उद्यापासून पेपर कोण वाचणार?" काकूंनी मी वाचणार नाही असं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. त्याला कारण आहे. काकू वाचायला बसल्या की अग्रलेख गाळून थेट निधनवार्तांवर येतात, असा नानांचा जुना आक्षेप. आणि नाना मध्येच थांबवून शुद्धलेखन तपासतात, असा काकूंचा.

नानांचा दुसरा छंद सरकारी कार्यालयांना अर्ज लिहिण्याचा. रस्ता, रोहित्र, सातबाऱ्यावरचा चुकलेला काना, विषय कोणताही चालतो. नजर कमी झाल्यावर हे अर्ज थांबले, तेव्हा तालुक्यातल्या काही टेबलांवर समाधानाची लहर उठली असेल. अशातच दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी नानांना सांगितलं, की स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम असतो, तो संगणकावरचं सगळं वाचून दाखवतो, टाइप केलेलं बोलून दाखवतो, आणि फुकट मिळतो. यातलं 'फुकट' ऐकून काकूंनाही उत्साह आला.

मग शोध सुरू झाला. आता सुदुंबरे हे काही आडगाव नव्हे. संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं हे गाव. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक, आणि कानावर पडलेला अभंग वहीत उतरवून ठेवणारे. त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी पुढे गाथा छापली. ऐकलेलं लिहून ठेवण्याचं काम ज्या गावाने केलं, तिथे लिहिलेलं ऐकवण्याची काही सोय असेल, अशी नानांची भाबडी समजूत. शिवाय गावात अभियांत्रिकी कॉलेज आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन इथेच आहे. म्हणजे पुरात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायची व्यवस्था गावात अव्वल दर्जाची आहे. संगणकात अडकलेल्याला काढायची तेवढी नाही.

तळेगावात संगणकाचे क्लास पुष्कळ. त्यातल्या एकाला फोन केला. "आमच्याकडे सगळे कोर्स आहेत, टॅली, डीटीपी, काय पाहिजे ते," असं तिकडून उत्तर आलं. स्क्रीन रीडर शिकवता का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "स्क्रीन रिपेअरचं समोर मोबाइलवाल्याकडे." समजावून सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "काकांना दिसत नाही तर त्यांना कॉम्प्युटर कशाला पाहिजे?" फोन स्पीकरवर होता. नानांनी त्या क्षणी संगणक शिकायचा निश्चय केला, असं माझं मत आहे. मास्तरांना कुणी 'कशाला पाहिजे' विचारलं की ते काम होतंच.

स्क्रीन रीडर प्रोग्रॅमांची वंशावळ मोठी रंजक आहे. अमेरिकेत टेड हेंटर नावाचे मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारे गृहस्थ होते. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. ते संगणक शिकले, भागीदारीत कंपनी काढली आणि १९८९ मध्ये 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. आजही जगभरच्या कचेऱ्यांत तो चालतो. हे ऐकून नाना म्हणाले, "शर्यतीतल्या माणसाने केलाय, म्हणूनच एवढा पळतो." जॉज विकत घ्यायचा तर खिसा जड लागतो. न घेता वापरायचा तर तो चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा की आणखी चाळीस मिनिटं. शाळेच्या तासाला हे माप तंतोतंत जुळतं, म्हणून नानांना ते गैर वाटलं नाही. घंटा तेवढी नव्हती.

फुकट मिळतो तो 'एनव्हीडीए'. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा मित्र येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन. पाहू शकणाऱ्यांइतकेच पैसे टाकून संगणक घ्यायचा, आणि तो बोलता करायला पुन्हा तेवढेच मोजायचे, हा व्यवहार त्यांना पटला नाही. आम्हालाही पटला नाही, म्हणून एनव्हीडीए घेतला.

तो घालून द्यायला हिंजवडीहून माझा पुतण्या आला. आयटीतला मुलगा, नानांवर जीव आहे. त्याने दोन मिनिटांत प्रोग्रॅम चढवला आणि शिकवायला बसला. पुढचा संवाद जवळजवळ शब्दशः देतो.

"आजोबा, ते निळं बटण दिसतंय?"

"नाही."

"बरं. त्याच्या खालचं?"

"निळं दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या खालचं कसं दिसेल रे?"

"थांबा, मी करून दाखवतो." असं म्हणून त्याने माऊस हातात घेतला आणि अर्धा तास सगळं काही करून दाखवलं. नाना शेजारी बसून टिकटिक ऐकत होते. शेवटी पुतण्याने विचारलं, "समजलं ना?" नाना म्हणाले, "तुला समजलंय एवढं समजलं."

पोराला दोष देण्यात अर्थ नाही. डोळस माणूस संगणकासमोर आला की त्याचा हात आपोआप माऊसकडे जातो. अभियंता झाला, दहा लाखांच्या पगारावर गेला, तरी माऊस काढून घेतल्यावर त्याला फाइल सेव्ह करता येईलच याची खात्री नाही. स्क्रीन रीडर चालतो तो सगळा कीबोर्डवर. तेव्हा अशा घरात ज्याला सर्वांत जास्त संगणक येतो, तोच बहुधा शिकवायला सर्वांत निरुपयोगी ठरतो.

मग लिखित साहित्याकडे वळलो. एनव्हीडीएबरोबर एक भलीमोठी मार्गदर्शिका येते. त्यात सगळं आहे, आणि हीच अडचण आहे. कोशात सगळे शब्द असतात म्हणून कोश पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही. नवशिक्यांसाठी वेगळं पुस्तक आहे, एनव्हीडीए बनवणारी मंडळीच ते विकतात, आवाजी स्वरूपातही मिळतं, पण इंग्रजीत. अमेरिकेतल्या हॅडली नावाच्या संस्थेचे ध्वनिमुद्रित धडे तर विनामूल्य आहेत, तेही इंग्रजीत. या संस्थेची गोष्ट मात्र नानांनी दोनदा ऐकली. विल्यम हॅडली हे शाळामास्तर. पंचावन्नाव्या वर्षी दृष्टी गेली, स्वतःच ब्रेल शिकले आणि १९२० साली टपालाने इतरांना शिकवायला लागले. "मास्तर तो मास्तर," नाना म्हणाले, आणि खुर्चीत जरा ताठ बसले.

गोम अशी, की हे सगळे धडे मिळवायचे तर आधी ब्राउझर उघडून, शोधून, उतरवून घेता आलं पाहिजे. म्हणजे पोहायला शिकवणारं पुस्तक विहिरीच्या तळाशी ठेवल्यातली गत. आणि ते मिळालं तरी पहिल्या धड्यात लिहिलेलं असतं, 'इन्सर्ट दाबून ठेवा.' नानांच्या लॅपटॉपवर इन्सर्ट कुठे आहे, हे शोधायला घरातली तीन डोळस माणसं लागली. ती एका कोपऱ्यात, दुसऱ्याच एका बटणाच्या पोटात निघाली. वास्तविक एनव्हीडीए पहिल्यांदा उघडतो तेव्हाच विचारतो, की बाबा, इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक चालेल का? तिथे हो म्हटलं की काम भागतं. तसंच मोठ्या कीबोर्डसाठी एक मांडणी, लॅपटॉपसाठी दुसरी. 'इथून पुढे वाचत राहा' हे सांगायला एका मांडणीत एनव्हीडीए कीबरोबर (म्हणजे त्याच इन्सर्ट किंवा कॅप्स लॉकबरोबर) खालचा बाण, दुसरीत ए. धडा कोणत्या मांडणीचा आहे हे सांगायला बहुतेक गुरुजी विसरतात आणि शिष्य आपलं नशीब आजमावत बसतो.

तोवर संगणक बोलायला लागला होता. मराठीसाठी एनव्हीडीएच्या पोटात 'ईस्पीक' नावाचा आवाज येतो. तो अगदी चिमुकला आहे आणि कितीही वेगाने पळवला तरी अक्षर सुटत नाही, म्हणून सरावलेले लोक त्यावर जीव टाकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची गोष्ट वेगळी. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "कोण आलंय? सर्दी झालीय वाटतं त्यांना." नानांचा आक्षेप उच्चारांवर होता. त्यांनी संगणकाला 'ज्ञानेश्वर' हा शब्द चार वेळा म्हणायला लावला. सुधारणा झाली नाही, तेव्हा 'नापास' म्हणून पुढे गेले.

मराठी वाचण्यात आणखी एक भुताटकी आहे. नानांनी शाळेत असताना टाइप करून घेतलेल्या जुन्या फाइली उघडल्या, तर यंत्र इंग्रजी अक्षरांचा पाऊस पाडू लागलं. पुतण्याला दिसत होतं स्वच्छ मराठी. नानांना ऐकू येत होतं भलतंच. कारण युनिकोडच्या आधीचे जे फाँट आहेत, त्यांत आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून फक्त मराठीचा मुखवटा. कृतिदेव नावाच्या अशाच एका फाँटमध्ये 'मराठी' असं लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, तेव्हा संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं असतात. डोळे फसतात, कान फसत नाहीत. अजूनही अशा फाँटात परिपत्रकं निघतात, आणि जी त्यात निघत नाहीत ती कागदावर छापून, सही-शिक्का मारून, वाकडा फोटो काढून पाठवली जातात. त्या फोटोवर आलं की यंत्र नुसतं 'ग्राफिक' म्हणून मोकळं होतं. नानांच्या मते सरकारी उत्तराचा इतका नेमका गोषवारा यापूर्वी कुणी काढलेला नाही.

भावकीच्या व्हॉट्सॲप गटाचा अनुभव वेगळाच. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून लोक हात जोडलेल्या चित्रांची, फुलांची, केकची रांग लावतात. डोळ्यांनी ती एका झटक्यात ओलांडता येते. कानांनी नाही. यंत्र एकेका चित्राचं नाव घेतं, अगदी लग्नात आहेर वाचून दाखवतात त्या गंभीरपणे. नानांनी एका शुभेच्छेदरम्यान चहा संपवला.

आणि पेन्शनचं संकेतस्थळ उघडलं तेव्हा त्या सर्दी झालेल्या आवाजात यंत्र म्हणालं, 'मी यंत्रमानव नाही.' नाना दचकलेच. "अरे, तूच तर आहेस!" मग त्या चौकटीत खूण केल्यावर सिग्नल असलेली चित्रं निवडायला सांगितलं गेलं. सुदुंबऱ्यात बसलेल्या माणसाने, डोळे नसताना, सिग्नल ओळखून दाखवायचे.

खरा गुरू भेटला तो फोनवर. पुण्यातला एक तरुण, बँकेत नोकरीला, स्वतः जन्मापासून दृष्टिहीन. कुणाच्या तरी ओळखीने नंबर मिळाला. त्याने पहिलं विचारलं, "काका, माऊस जोडलेला आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाला, "काढा. आणि शेजारी कोणी बसलंय का?" मी बसलो होतो. "त्यांना चहाला पाठवा."

मी दारात उभं राहून ऐकलं. तो शिकवतो कसा, तर संगणकाचा आवाज मोठा ठेवायचा, फोन शेजारी ठेवायचा. तिकडे त्याला यंत्राचं बोलणं ऐकू जातं. "टॅब तीनदा दाबा. आता काय म्हणतंय?" नाना सांगतात. "आता एकदा शिफ्ट धरून टॅब. काय म्हणतंय?" 'दिसतंय का' हा प्रश्नच नाही. चाकण रस्त्याकडून कंटेनरचे भोंगे येत होते, काकूंचा कुकर शिट्ट्या देत होता, त्या गदारोळातही नानांनी एक टॅब चुकवला तो त्याला पुण्यात कळला.

पहिल्या दिवशी त्याने एकच गोष्ट शिकवली. एनव्हीडीए की दाबून एक हा आकडा दाबायचा. त्यानंतर कोणतीही कळ दाबली तरी संगणक काही करत नाही, फक्त त्या कळीचं नाव आणि तिचं काम सांगतो. डिलीट दाबा, काही पुसलं जात नाही. जॉजमध्ये आणि विंडोजच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरमध्येही, ज्याच्या त्याच्या कीबरोबर, हाच एकचा आकडा आहे. नानांनी त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही. चाळीस वर्षं मुलांना पाटीवर गिरवायला लावणाऱ्या माणसाला ही पद्धत आत कुठेतरी पटली असावी. एफ आणि जे या कळींवर बारीक उंचवटे असतात, बोटं तिथून मोजायची, हे आमच्या घरातल्या पदवीधरांना तेव्हा कळलं.

मग क्रम लागला. आधी टंकलेखन, मग नोटपॅडमध्ये दोन ओळी, बाणांनी अक्षर-अक्षर, मग शब्द-शब्द मागेपुढे. बोलणं थांबवायला कंट्रोल. ही कळ काकूंना फार आवडली. दाबली की समोरचा तत्काळ गप्प. अशी सोय लग्नात मिळायला हवी होती, असं त्या म्हणाल्या. मग विंडोजची कळ दाबून प्रोग्रॅमचं नाव लिहायचं, ऑल्ट-टॅबने खिडक्या बदलायच्या. इंटरनेट सर्वांत शेवटी. तिथे एच दाबलं की एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी, के दाबलं की दुव्यावरून दुव्यावर. नाना आता रोज स्वतःचा पेपर स्वतः वाचतात. एच दाबत दाबत अग्रलेख ओलांडून आधी निधनवार्तांवर जातात, हे काकूंनी कान देऊन पकडलं आहे.

अर्ज पुन्हा सुरू झालेत. पहिला त्यांनी फोटोतल्या परिपत्रकाविरुद्ध केला.

मावळात कुणाला हे शिकायचं असेल तर दारोदार फिरण्याआधी काही नावं लक्षात ठेवावीत. आळंदीला जागृती ही अंध मुलींची शाळा आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, निवांत अंध मुक्त विकासालय आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालतं, आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड तर १९५२ पासून आहे. नवशिक्यांना कुठे, कधी, कोण शिकवतं, हे तिथे फोन करून विचारावं. त्यातही स्वतः स्क्रीन रीडर वापरणारा शिक्षक मिळाला तर दुसऱ्याकडे जाऊ नये. अशा शिक्षकांना माझी विनंती अशी, की मोबाइल समोर ठेवून रोज दहा मिनिटं मराठीत बोला आणि ते ध्वनिमुद्रण चार लोकांना पाठवा. इंग्रजी धड्यांपर्यंत पोहोचू न शकणारे नाना गावोगाव आहेत.

बाकी वाचकांसाठी एक लहानसा प्रयोग. तुमच्या विंडोजच्या संगणकात नॅरेटर नावाचा स्क्रीन रीडर आधीपासून बसवलेला आहे, सुरुवातीचा धडाही त्यातच आहे. घरात कोणी नसताना विंडोजची कळ, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबा, पडदा काळा करा आणि नुसतं ऐकून एक पत्र लिहून पाहा. जमलं नाही आणि ते बोलायचं थांबेना, तर घाबरू नका. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या की ते गप्प बसतं.